शहिदाला पाणी

मेल्या माणसाला काय गार आणि काय गरम, असं ज्याला वाटतं त्यानं माझ्यासमोर तोंड उघडू नये. तीस वर्षं झाली, आमच्यातली बाई गेली की तिला शेवटची अंघोळ मी घालते. गुसल म्हणतात त्याला. आधी स्वतःचं कोपर पाण्यात बुडवून बघते, तान्ह्या बाळासाठी बघतात तसं, आणि मगच पहिला तांब्या उजव्या अंगावर. हे काम माझ्या सासूचं. ती थकली तेव्हा तिनं ते माझ्या गळ्यात घातलं. दुसरी कुणी मिळेल, मग मी सुटेन, असं म्हणता म्हणता मीच म्हातारी झाले. लोक मला पाणीवाली म्हणतात. काही बायका मला बघून रस्त्याच्या दुसऱ्या कडेनं जातात. जा बायांनो, खुशाल जा. शेवटी माझ्याच हाताखाली यायचंय.

सासूनं दोन गोष्टी माझ्याकडून घोटून घेतल्या होत्या. एक, घाई करायची नाही. कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या आत, कुठे मळ राहता कामा नये. बारीक काडीला ओला कापूस गुंडाळायचा आणि एकेक नख हळूच साफ करायचं. अंगावरून गळलेला केस, नखाचा तुकडा, काही म्हणून फेकायचं नाही, कफनात तिच्याबरोबर ठेवायचं. आणि दुसरी गोष्ट, चादरीखाली जे दिसलं ते चादरीखालीच राहिलं पाहिजे. काय काय बघितलंय म्हणून सांगू! पाठीवरचे वळ बघितलेत, दंडावरचे डाग बघितलेत. बाहेर नवरा धाय मोकलून रडत असायचा आणि मी आत मूग गिळून पाणी ओतत असायचे. मय्यतीचं झाकेल त्याचं अल्ला झाकेल, असं सासू म्हणायची. मी तीस वर्षं झाकलं. आता पुरे.

माझ्या धाकट्या बहिणीला दोन मुली. थोरली भिंगरी, तिला आम्ही सगळे भिंगरीच म्हणायचो, कारण ती एका जागी बसलेली कुणी बघितली नव्हती. धाकटीचं नाव घरात 'छोटी' पडलं ते अठरा वर्षांची झाली तरी तसंच राहिलं. मला मूलबाळ नाही. त्यामुळे या दोघी माझ्याच, असं मी धरून चालले होते, आणि बहिणीनंही कधी हिशोब मांडला नाही की कोण कुणाची.

भिंगरी शेठच्या शिवणकारखान्यात कामाला होती. काजं करायच्या मशीनवर. तिथे नाजूक कापडाचे झगे शिवतात, नखाचा टवका लागला तरी धागा ओढला जातो, म्हणून मुलींनी नखं अगदी बुडापासून कापलेली लागतात. मुकादम सकाळी दारात उभा राहून हात बघतो, शाळेत बघतात तसे. भिंगरीला स्वतःची नखं धड कापता यायची नाहीत, डाव्या हाताची कापताना हमखास रक्त काढायची. मग दर शुक्रवारी सकाळी तिच्या या खालाकडे, मावशीकडे यायची, पाय पसरून बसायची, हात माझ्या मांडीवर टाकायची आणि तोंडाचा पट्टा सोडायची. अमकी असं म्हणाली, तमकीचं लग्न मोडलं, मुकादम म्हणजे नुसता खडूस.

"खाला, मागच्या दाराला आता बाहेरून कुलूप लावतात," ती एकदा म्हणाली होती. "आम्ही म्हणे मागच्या जिन्यावर गप्पा मारत बसतो."

"बसता का?"

"मग काय! मशीनशी गप्पा मारू?"

मी हसले होते. हे आठवलं की आता स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

एका मंगळवारी दुपारी कारखान्याच्या पुढच्या जिन्याखाली आग लागली. इस्त्रीच्या टेबलाची तार जळली म्हणतात. पुढच्या मशीनवरच्या मुली पळाल्या, जिना धुरानं भरायच्या आत खाली उतरल्या. काजांची मशीनं सगळ्यात मागे. मागच्या तिघी वर राहिल्या. बंबवाल्यांनी खिडकी फोडली तोवर तिघी धुरानं गेलेल्या. आग त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. दोघींना त्यांच्या घरच्यांनी दूर आपापल्या गावी नेलं. भिंगरी आमच्याकडे आली ती बुधवारी सकाळी, इस्पितळाच्या पांढऱ्या कापडात शिवलेली. कागदावर लिहिलं होतं, धुरानं गुदमरून मृत्यू. चेहरा झोपल्यासारखा होता. तेवढाच आम्हाला दाखवला.

मागच्या दाराचं काय, असं मी विचारलं. मेहुण्यांनी, म्हणजे भिंगरीच्या बापानं, खाली बघत सांगितलं, "दार उघडंच होतं आपा. शेठ स्वतः म्हणाले. पोरी घाबरल्या, धुरात त्यांना दिशाच कळली नाही." मेहुणे शेठच्याच गोदामात कापडाचे तागे सांभाळतात. वीस वर्षं झाली. त्यांना मी दोष देत नाही. किंवा देते, देते, उगाच खोटं कशाला बोलू.

त्यानंतर शेठ आले. पांढरे कपडे, डोळे लाल, हातात तसबीहची माळ. माणूस वाईट दिसत नाही, हीच तर पंचाईत आहे. मशिदीत पहिल्या रांगेत उभा असतो, हातपाय धुवायचे नळ त्यानं बसवून दिलेत, मौलानांची राहायची खोली त्यानं बांधून दिलीय. माझ्या बहिणीसमोर तो जमिनीवर बसला आणि म्हणाला, "रडू नका. तुमची मुलगी शहीद झाली. आगीत जातो तो शहीद. आपल्याला असं मरण नशिबात नाही."

बहिणीनं पहिल्यांदा डोळे वर केले. सकाळपासून ती दगडासारखी बसली होती. "खरंच?" तिनं मौलानांना विचारलं.

मौलाना शेठच्या मागे उभे होते. "हो," ते म्हणाले. "हदीसमध्ये आहे."

आणि ते खरंच आहे, त्यात खोटं काही नाही. शहीद म्हणजे काय ते आमच्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. ज्याला मेलेला म्हणायचं नाही, जो आपल्या रबजवळ जिवंत आहे आणि तिथे त्याला खाऊपिऊ घातलं जातं, ज्याचे सगळे गुन्हे माफ, तो शहीद. एवढा मोठा शब्द आईच्या पदरात पडल्यावर ती तो घट्ट धरणारच. बहिणीच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. मलासुद्धा वाटलं, बरं झालं बाई, हिला काहीतरी धरायला मिळालं. माझ्या हे ध्यानातच आलं नाही की मेलंच नाही म्हटल्यावर मारलं कुणी हे विचारायला जागाच उरत नाही.

मग शेठ उठता उठता म्हणाले, "शहिदाला गुसल नसतं. ज्या कपड्यात गेली त्याच कपड्यात दफन करायचं. दुपारच्या नमाजनंतर जनाजा. सगळी तयारी माझ्याकडे लागली." आणि ते गेले. अर्ध्या तासात मशिदीच्या भोंग्यावर जाहीरही झालं, अमक्याची मुलगी शहीद झाली, सगळ्यांनी यावं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बादल्या भरून झाल्या होत्या, गुसलच्या पाण्यासाठी बोरीचा पाला उकळत होता. माझ्या मांडीवर वाढलेल्या पोरीला माझ्याच हातचं पाणी नाही? तीस वर्षं अख्ख्या वस्तीच्या बायका धुतल्या, आणि हिला तशीच काजळी लागलेली मातीत घालू? मी डोक्यावर पदर घेतला आणि तडक मौलानांच्या खोलीवर गेले. तेव्हा मला वाटलं होतं, शेठला फक्त मोठेपणा मिरवायचाय. दुसरं काही असेल असं मनातही आलं नाही.

मौलाना एकटेच होते, चहा समोर ठेवून बसलेले. पीत नव्हते.

"मौलाना," मी म्हटलं, "बाळंतपणात जाते ती बाई कोण?"

"शहीद."

"बुडून मरते ती?"

"तीही."

"अंगावर भिंत पडून मेलेली? पोटाच्या आजारानं मेलेली?"

"बाई, तुम्हाला काय विचारायचंय ते..."

"या सगळ्यांना मी तीस वर्षं पाणी घातलं. बाळंतपणात गेलेल्याच कितीतरी होत्या. त्यांच्यासाठी कुणी भोंगा वाजवला नाही, ते जाऊ द्या. पण मी चुकले का? शहिदांना धुतलं म्हणून कयामतच्या दिवशी मला जाब विचारणार का?"

ते हळूच म्हणाले, "नाही. तुम्ही बरोबर केलं."

"मग आज काय नवीन किताब उतरली?"

मौलाना शिकलेला माणूस आहे, खोटं बोलताना त्याची मान खाली जाते. त्यांनी सांगितलं ते माझ्या सासूनं चार यत्ता न शिकता मला सांगितलं होतं. लढाईच्या मैदानात दीनसाठी, धर्मासाठी जो पडतो, त्याला धुवायचं नाही. त्याचं रक्त हीच त्याची अंघोळ, कयामतला तो तसाच उठणार, त्या रक्ताला कस्तुरीचा वास असणार. बाकीचे, म्हणजे आगीत, पाण्यात, ढिगाऱ्याखाली, बाळंतपणात जातात ते, त्यांना दर्जा शहिदाचा, पण तो तिकडे. इकडे त्यांना सगळ्यांसारखं पाणी, सगळ्यांसारखं कफन.

"मग हे बाहेर येऊन सांगा."

"जाहीर झालंय आता. शेठ म्हणाले तसं मी..."

"शेठनं नळ बसवलेत मौलाना, दीन नाही बसवला."

त्यांनी चहाचा कप सरकवला. मला वाटलं, आता हाकलून देतील. पण ते उठले, चपला घातल्या आणि माझ्याबरोबर बहिणीच्या घरी आले. आणि एवढं सगळं पटवून झाल्यावर अडवलं कुणी? बहिणीनं.

"आपा, नको," ती माझे हात धरून म्हणाली. "पाणी घातलंस तर ती साधीच मेली असं होईल. असू दे तिला शहीद."

"अगं वेडे, तो दर्जा अल्लानं दिलाय. तांब्याभर पाण्यानं तो वाहून जाईल का? मौलाना, सांगा हिला."

मौलानांनी सांगितलं. सगळ्यांसमोर, पण जेमतेम ऐकू येईल असं. "पाणी घाला. तीही शहीद आहे आणि पाणीही तिचा हक्क आहे." शेठचा मुकादम दारात उभा होता. त्याचं तोंड पडलेलं मी बघितलं आणि मला, काय सांगू, आनंद झाला. जिंकले ना मी!

आतल्या खोलीत आम्ही दोघीच होतो. बहीण म्हणाली, "पाणी मी ओतते." सख्ख्या आईला बहुतेक वेळा जमत नाही, मधेच कोसळतात. पण तिनं तांब्या हातात घेतला. अंगावर चादर घातली, चादरीखाली कापड उसवलं. कोपरानं पाणी बघितलं. बिस्मिल्ला म्हटलं आणि तिनं पहिला तांब्या उजव्या खांद्यावर ओतला.

उजव्या खांद्यावर तळहाताएवढा काळानिळा डाग होता. पडली असेल, असं मी मनात म्हटलं. माणूस दुःखात असलं की डोकं बंद होतं आणि हात आपले चालत राहतात, त्यांना तीस वर्षांची सवय. केस धुतले, तीन पेड घातले. कानामागची काजळी काढली. मग हात घेतले. बोटांची टोकं सोललेली, चार नखं मुळापासून तुटलेली. गुदमरताना माणूस हाताला लागेल ते ओरबाडतं, हे मी आधी बघितलंय. आणि नखांच्या आत, कातडीत, हिरवं काहीतरी रुतून बसलेलं. कापडावर खुणा करायला त्यांच्याकडे रंगीत खडू असतात, भिंगरीच्या बोटांना नेहमीच एखादा रंग असायचा. तोच असणार. मी काडी घेतली, कापूस ओला केला, आणि दहाही बोटं साफ केली. घाई केली नाही. सासूनं बघितलं असतं तर पाठीवर हात ठेवला असता, इतकी स्वच्छ. शुक्रवारी मीच कापलेली नखं ती. त्यांचा चुरा कापसाला चिकटला होता, म्हणून कापसाचे ते हिरवे बोळे कफनात तिच्या उजव्या हाताजवळ ठेवले, आणि कफन बांधलं.

बहीण पाणी ओतत होती.

दुपारी जनाजा उठला. एवढी माणसं आमच्या वस्तीत कधी कुणाच्या मागे गेली नव्हती. कबरीवर शेठनं चौथ्या दिवशी दगडही बसवला. त्यावर तिच्या नावाच्या वर, नावापेक्षा मोठ्या अक्षरात, तो शब्द.

सातव्या दिवशी मी कारखान्यात गेले. भिंगरीचा डबा, तिच्या चपला, ओढणी, असं काय काय तिथे पडलेलं, ते आणायला बहिणीच्यानं होईना. वरच्या मजल्यावर मशीनं परत लावायचं काम चाललं होतं. मागच्या बाजूला एक रंगारी दाराला कागद घासत बसला होता. लोखंडी दार. अर्धं तपकिरी रंगवून झालेलं, अर्धं जुनंच. जुना रंग हिरवा.

"जपून बाई, ओलं आहे," रंगारी म्हणाला. "आणि हे बघा ना, आतल्या बाजूनं कुणी एवढं ओरबाडलंय देव जाणे. पुट्टी भरून भरून हात दुखले."

मी दाराजवळ गेले. दारावर माझ्या छातीच्या उंचीला आणि त्याखाली रेघाच रेघा होत्या. काही ठिकाणी रंग निघून लोखंड दिसत होतं. भिंगरी माझ्याच उंचीची होती. मी हात पुढे केला आणि माझी बोटं त्या रेघांत नीट बसली. कडी बाहेरच्या बाजूला होती. आतून ते दार उघडतच नव्हतं, तर उघडं होतं हे शेठनं कुठून बघितलं?

खडू नव्हता तो. खडू पाण्यानं जातो, हे मला कापसानं कोरून काढावं लागलं होतं. आणि मी कोरून काढलं. पाणी मिळावं म्हणून मौलानांशी भांडले, शेठच्या माणसाला खाली बघायला लावलं, आणि पोरगी स्वतःच्या हातांवर जे लिहून घेऊन आली होती ते मी त्याच पाण्यानं पुसलं. शेठनं तिला तशीच पुरली असती तर निदान ते तिच्या बोटांवर तरी राहिलं असतं. मी भिंगरीच्या चपला आणि डबा तिच्या ओढणीत बांधला.

तिथून मी मौलानांकडे गेले. ते म्हणाले, "गुसल देणाऱ्यानं मय्यतीचं झाकायचं असतं."

"मय्यतीचं ऐब झाकायचं असतं मौलाना. मारणाऱ्याचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी आगीची चौकशी करणाऱ्या साहेबांकडे गेले. साहेब तरुण होते, नीट बोलले, बसायला खुर्ची दिली. सगळं लिहून घेतलं. दोन दिवसांनी परत बोलावून म्हणाले, "दार तर आता रंगवलंय, मावशी. रंगाऱ्याला आम्ही विचारलं, तो म्हणतो मला काही माहीत नाही. तुम्ही जे काढलं ते कुठे आहे?"

"तिच्यापाशी. कफनात. उजव्या हाताजवळ."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. कबर उघडायची तर आईबापांपैकी एकाचा अर्ज लागेल, म्हणाले. एक छापील कागद दिला. खाली सहीची जागा होती.

मेहुण्यांनी कागदाला हातही लावला नाही. "शहिदाची कबर उकरतात का?" म्हणाले, आणि नमाजची वेळ झाली म्हणून निघून गेले. बहीण तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, दार, रेघा, कडी, कापूस. ती खडे काढत राहिली. शेवटी मी म्हटलं, "ऐकतेयस ना?"

"मलाही दिसलं होतं," ती म्हणाली.

"काय दिसलं होतं?"

"हिरवं. डबा द्यायला जायचे मी तिथे. ते दार मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पुसत होतीस," ती म्हणाली. "तू मोठी. इतकी वर्षं हे काम करतेस. मला वाटलं, झाकायचं असतं म्हणून झाकतेय. बाहेर मुकादम उभा. हे त्यांच्याकडे कामाला. आणि सगळे म्हणतायत तुमची मुलगी शहीद." तिनं ताट बाजूला ठेवलं. "मी पाणी ओतत राहिले, आपा. तू थांबली असतीस तर मी थांबले असते."

मी तिच्यावर ओरडले. नको नको ते बोलले. स्वतःवर ओरडायचं होतं, ते तिच्यावर ओरडले, झालं. ती म्हणाली, "सही करणार नाही. माझी पोरगी तिथे जिवंत आहे, असं सगळे सांगतात. मी तिला वर काढून मेलेली बघू?" मी कागद घडी करून पदरात बांधला आणि घरी आले.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी दार वाजलं. छोटी होती. आत आली, पाय पसरून बसली, आणि हात माझ्या मांडीवर टाकला. अगदी तसाच. भिंगरी गेल्यापासून ही पोर फारशी बोलत नव्हती.

"खाला, नखं कापून दे ना. बुडापासून."

"कशाला गं?"

"उद्यापासून कामाला जायचंय. शेठ अब्बांना म्हणाले, शहिदाच्या घरची मुलगी आहे, बहिणीचंच मशीन तिला देऊ. मुकादम नखं बघतो म्हणे."

मी नखं कापायचं हातात घेतलं होतं. ते खाली ठेवलं. तिचं बोट तसंच धरून बसले. नखं चांगली वाढलेली होती, लांब, टणक.

"राहू दे," मी म्हटलं.

"अगं, मुकादम घरी पाठवेल!"

"राहू दे. तिथे लागतील."

छोटीला काही कळलं नाही. तिनं ते घरी जाऊन जसंच्या तसं आईला सांगितलं असणार, कारण तासाभरात बहीण माझ्या दारात उभी. डोक्यावर पदर नाही, पायात चपला नाहीत. आत आली नाही. उंबऱ्यापलीकडून हात पुढे केला आणि म्हणाली, "कागद दे."

तिनं भिंतीवर कागद ठेवून सही केली. सही करताना विचारलं, "उघडल्यावर ती शहीद राहील ना गं?"

"राहील," मी म्हटलं. "शेठनं दिलेला दर्जा नाही तो, काढून घ्यायला." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. मला पटतं. तेवढा एकच शब्द या सगळ्यात खरा आहे, आणि खोट्या माणसाच्या तोंडून आला म्हणून मी तो टाकून देणार नाही.

अर्ज देऊन आता चार महिने झाले. साहेब म्हणतात, वरून परवानगी यायचीय, वेळ लागेल. मेहुणे माझ्याशी बोलत नाहीत, बायकोशी कामापुरतं बोलतात. काही घरांतून मला मय्यतीला बोलवणं बंद झालंय, चादरीखालचं बाहेर सांगते म्हणून. मौलाना समोर आले की रस्ता बदलतात. छोटी घरीच आहे.

भिंगरीचं मशीन शेठनं तिसऱ्याच कुणाच्या तरी मुलीला दिलं. काल दुकानात माझ्या पुढे उभी होती, मीठ घेत होती. कुणीतरी तिला हाक मारून सांगितलं, शहिदाच्या जागेवर लागलीस, नशीबवान आहेस. ती लाजून हसली. मी तिचे हात बघितले. नखं अगदी बुडापासून कापलेली होती.